बेहिशेबी हवा

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तूंचे दोन प्रकार सांगतात. एक आर्थिक वस्तू, म्हणजे जिला पैसे पडतात ती. आणि दुसरी विनामूल्य वस्तू, म्हणजे जिला पडत नाहीत ती. दुसरीचे उदाहरण हवा. (पूर्वी पाणीही असायचे. बाटल्या निघाल्यापासून ते गाळले असावे.) हा दोन मार्कांचा प्रश्न सोडवून आम्ही पास झालो, बँकेत चिकटलो, आणि फुकटच्या वस्तूची नोंद कुणी ठेवत नाही हे पुढे अनुभवाने शिकलो.

मोटारी बनवणाऱ्यांनीही हेच पुस्तक वाचले असावे. कार्ल बेन्झने मोटारीचे पेटंट घेतले १८८६ साली, आणि गाडीच्या इंजिनात हवा किती शिरते हे सरसकट मोजायला सुरुवात झाली १९७०च्या दशकात. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे सगळे लक्ष पेट्रोलवर. हवा आपली येईल तेवढी येऊ दे!

वास्तविक या धंद्यात मोठा भागीदार हवाच. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचे तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली तीन-साडेतीन लिटर पेट्रोल जाळताना रिकामी होते. हे मी घरी मोठ्या गांभीर्याने सांगितले, तर “मग खिडकी उघडी ठेवा” एवढेच उत्तर मिळाले.

हा जमाखर्च इतकी वर्षे कार्बोरेटर नावाच्या गृहस्थाकडे होता. बेन्झच्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जायची आणि जाता जाता त्याची वाफ घेऊन इंजिनात शिरायची. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने त्यात फवारा आणला. हवेची वाट एका ठिकाणी अरुंद केली की तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि नळीतले पेट्रोल आपोआप ओढले जाते. म्हणजे हवा मोजायची नाहीच. तिच्या ओढीने निघेल ते खरे. जुन्या पेढीवरचे मुनीमजी असेच असत. हिशेब डोक्यात, चूक निघाली तर ‘भूलचूक देणे-घेणे’. थंडीत पहाटे चोक ओढून ज्यांनी फियाट सुरू केली आहे, त्यांना या मुनीमजींचा लहरी स्वभाव ठाऊक आहे. घाट चढताना ते काळा धूर सोडत, कारण वर हवा विरळ झाली तरी हे पेट्रोल त्या मानाने कमी करीत नसत.

मुनीमजींचे बिंग फुटले लॉस एंजलिसला. १९४३च्या जुलैत त्या शहरावर एके दिवशी असला डोळे चुरचुरवणारा धूर उतरला, की लोकांना वाटले, जपान्यांनी विषारी वायू सोडला. युद्धाचे दिवस होते. मग संशय एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. कारखाना बंद केला, धूर चालूच. शेवटी आरोपी सापडला तो आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाला. हा गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होता. (अशा कामाला पगार मिळतो हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितले नाही.) त्याने अननस बाजूला ठेवून शहराची हवा तपासली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितले, की मोटारींच्या आणि तेल कारखान्यांच्या वाफांवर ऊन पडून हे प्रकरण शिजते. म्हणजे ज्याचे डोळे चुरचुरत होते, तोच गाडी चालवत होता! मोटार कंपन्यांना हे पटायला पुष्कळ वेळ लागला. ऑडिट रिपोर्ट ज्याच्याविरुद्ध जातो त्याला तो लवकर समजत नाही.

१९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि हवा विनामूल्य वस्तूंच्या यादीतून कायमची गेली. आता तिची पावती करणे आले. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७३ मध्ये ‘एल-जेट्रॉनिक’ काढले. ‘एल’ म्हणजे लुफ्ट, जर्मनमध्ये हवा. आत येणारी हवा एक झडप ढकलायची. झडप किती उघडली त्यावरून हवा किती आली ते कळायचे. पण हे माप आकारमानाचे. नोटांची गड्डी पट्टीने मोजण्यासारखे. गड्डी फुगीर असली की कॅशियर फसला.

१९७६ मध्ये बॉशनेच ऑडिटर नेमला. लॅम्डा सेन्सर हा धुराच्या नळीत बसतो आणि जळून उरलेला ऑक्सिजन तपासून ‘मिश्रण पातळ’ की ‘मिश्रण दाट’ असा शेरा मारतो. आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झडपेच्या जागी आली केसाएवढी प्लॅटिनमची तापलेली तार. कल्पना मुळीच अवघड नाही. बशीतल्या चहावर जितक्या जोराने फुंकर मारू, तितका तो लवकर निवतो. तारेवरून जितकी जास्त हवा जाईल, तितकी ती निवते; तिला पुन्हा तितकीच गरम ठेवायला किती वीज लागली ते बघायचे, की हवेचे वजनच कळते! कॅनडातल्या एल. व्ही. किंग यांनी याचे गणित १९१४ मध्येच मांडून ठेवले होते. गरज लागेपर्यंत ते पडून राहिले. त्या काळच्या या यंत्रात आणखी एक सोय होती. इंजिन बंद झाले की तार क्षणभर लालबुंद होऊन अंगावरची धूळ जाळून टाकायची. काम संपल्यावर दिवसभराचे असे जाळून घरी जाणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही.

पुढे तारेची जागा पातळ पापुद्र्याने घेतली, आणि १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीने व छोट्या ट्रकने आपल्या चुका ठरावीक सांकेतिक आकड्यांत सांगायच्या असा नियम झाला. आपल्याकडे बीएस-सहा आले १ एप्रिल २०२० ला, म्हणजे आमच्या क्लोजिंगच्या दुसऱ्याच दिवशी.

या आकड्यांशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. तो असतो डेन्व्हरला. समुद्रापासून सोळाशे मीटर उंच. तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने विरळ. त्याने जुना पिकअप ट्रक घेतला आहे. आपल्याकडे अशा गाडीतून कांदे मार्केट यार्डात जातात. तिकडे एक माणूस ऑफिसात जातो. एके रात्री त्याचा फोन.

“मामा, गाडी म्हणते बँकेत तूट आहे.”

मी उठूनच बसलो. खरोखरच तसे होते. पी०१७१ आणि पी०१७४. ‘सिस्टिम टू लीन, बँक वन’ आणि ‘बँक टू’. इंजिनातल्या सिलिंडरांच्या रांगेला बँक म्हणतात हे त्याने नंतर सांगितले.

“दोन्ही बँकांत एकाच दिवशी तूट?” मी म्हणालो. “अरे, मग घोळ शाखेत नाही. वरून येणाऱ्या रकमेत आहे.”

त्यालाही तसेच वाटले. वरचा कॅशियर म्हणजे हवा मोजणारा सेन्सर. नवा आणून त्याने दहा मिनिटांत बदलला: बॅटरीची वायर काढा, प्लग सोडवा, दोन स्क्रू, जुना बाहेर, नवा आत, प्रवाहाचा बाण इंजिनाकडे. शेरा पुसला. चार दिवसांनी पुन्हा तोच शेरा, दोन्ही बँकांत.

शेवटी गॅरेजवाल्याने हवेच्या वाटेत धूर सोडला, तेव्हा तो सेन्सरच्या पुढच्या रबरी नळीतून बाहेर आला. नळीला चीर पडली होती. काउंटरवर नोंद न करता हवा मागल्या दाराने आत शिरत होती. कॅशियरने येईल तेवढी प्रामाणिकपणे मोजली होती. त्याच्या पाठीमागे आलेली त्याला दिसणार कशी?

नळी बदलली, गाडी सुधारली. दुकानदार विजेचा सुटा भाग परत घेत नाही, म्हणून नवा सेन्सर जागेवरच राहिला. जुना भाच्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. चौकशीत निर्दोष सुटला, पण कामावर अजून घेतलेला नाही.