पिस्तुलावरील नेमसाधनें : माशी, प्रकाशबिंदु व लेसर

आत्मसंरक्षणाच्या पिस्तुलावर आज नेम धरण्याचीं तीन साधनें एकत्र आढळतात. त्यांचा इतिहास सांगतांना सामान्यतः युगांची एक शिडी कल्पिली जाते : आधीं लोखंडी माशी, मग कांचेंतील प्रकाशबिंदु, शेवटीं लेसर, आणि प्रत्येक नव्यानें जुन्यास पदच्युत केलें. ही कल्पना आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. वस्तूंची व सनांची साक्ष निराळी आहे. ती येथें क्रमानें मांडतों.

प्रथम माशी. नळीच्या तोंडाशीं असलेला बारीक उंचवटा ती माशी. मागील खाचेंत ती आणून लक्ष्यावर ठेवावयाची, ही जुनी रीत. परंतु पिस्तुलावर या साधनास कारागिरांनीं पूर्वीं फारसें महत्त्व दिलेलें दिसत नाहीं. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची मागील खाच घोड्याच्या नाकांतच कापलेली असे. घोडा चढविल्यावांचून ती उपयोगी पडत नसे. १८७३ च्या कोल्टमध्यें चौकटीच्या माथ्यावरील पन्हळ हीच खाच होती. शिवाय डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होतो, आणि येथें खाच, माशी व लक्ष्य अशीं अंतरें तीन. वय वाढलें म्हणजे माशी अंधुक होते. अंधारांत तर ती दिसतच नाहीं. अंधारासाठीं माशींत ट्रिटियम घालूं लागले. पण त्याचें अर्धायुष्य सुमारें १२·३ वर्षांचें, म्हणून तोहि प्रकाश कालांतरानें मंदावतो.

यावर एक आक्षेप संभवतो. शांघाय म्युनिसिपल पोलिसांतील अनुभवावरून विल्यम फेअरबर्न व एरिक साइक्स यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, अगदीं जवळच्या व क्षणार्धांत होणाऱ्या चकमकींत नेमसाधनाकडे पाहण्यास अवसरच नसतो, असें प्रतिपादिलें. हें मत अनुभवाचें आहे, म्हणून तें सहज टाकतां येत नाहीं. तथापि पुढील दशकांत कॅलिफोर्नियांतील जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्यानें दोन्ही हातांनीं पिस्तूल धरून, डोळ्यांसमोर आणून, शर्यतींत त्वरेनेंहि नेम साधतो हें दाखविलें. तेव्हां वाद साधन असावें कीं नसावें हा नसून, तें किती लवकर डोळ्यांस सांपडतें हा आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर फार पूर्वींच निघालें होतें. डब्लिन येथील दुर्बिणी करणारे हॉवर्ड ग्रब यांनीं १९०० सालीं परावर्तक नेमसाधनाचें पेटंट घेतलें. कांचेवर परावर्तित झालेली खूण दूरवर असल्यासारखी भासते. त्यामुळें नजर लक्ष्यावरच ठेवतां येते. हें साधन पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन विमानांवर आलें. पिस्तुलावर रुळावयास मात्र शतक लोटलें. उणीव कल्पनेची नव्हती, अल्प विजेवर चालणाऱ्या बारीक दिव्याची होती. स्वीडनच्या एमपॉइंटनें १९७५ त विजेच्या बिंदूचें साधन विक्रीस आणलें. परंतु पिस्तुलाच्या सरकत्या स्लाइडवर प्रत्येक गोळीचा हिसका सोसणारें साधन होण्यास आणखी कांहीं दशकें गेलीं. ग्लॉक कंपनीनें कांच बसविण्याजोगी स्लाइड २०१५ त दिली.

लेसराची कथाहि अशीच. थिओडोर मैमन यांनीं १६ मे १९६० रोजीं पहिला लेसर चालविला. १९८४ च्या 'द टर्मिनेटर' चित्रपटांत पिस्तुलाच्या माथ्यावर दिसणारा लेसर बराच अवजड आहे. अर्धसंवाहक लेसर लहान व स्वस्त झाल्यावर तो मुठींत मावला. पिस्तूल डोळ्यांसमोर नेतां येत नसेल तेव्हां त्याचा उपयोग मोठा. पण भर उन्हांत तांबडा ठिपका लोपतो, हिरवा त्याहून बरा दिसतो; आणि किरण नळीच्या बाजूनें निघत असल्यामुळें ठिपका व गोळी यांचा मेळ ठराविक अंतरावरच तंतोतंत बसतो.

आतां मुख्य पुरावा. प्रकाशबिंदूनें माशीस हांकलून दिलें असतें तर ती नाहींशी झाली असती. प्रत्यक्षांत ती उंच झाली. आवाज दाबणाऱ्या नळीसाठीं केलेल्या उंच माश्या कांचेंतून दिसाव्या म्हणून वापरांत आल्या. कांहीं पिस्तुलांवर मागील खाच काढूनच कांच बसवावी लागते. तेथें कांचेच्या चौकटीच्याच मागील अंगास खाच ठेवल्याचीं उदाहरणें आहेत. घोड्याच्या नाकांतील खाचेचेंच हें दूरचें वंशज म्हणावयाचें! कारण उघड आहे. बॅटरी संपते, कांचेवर चिखल किंवा दंव बसतें, हात वांकडा आला तर बिंदु सांपडत नाहीं. माशीस यांपैकीं दिवा व कांच दोन्ही लागत नाहींत, आणि बिंदु हरवला असतां तीच हातास वाट दाखविते. एकाचा दोष दुसऱ्यांत नाहीं, म्हणूनच तिन्हीं एकत्र नांदतात.

मात्र तीन खुणा एकदम पाहूं जाणारा एकहि पाहत नाहीं. कोणती केव्हां पाहावयाची हें आधींच ठरलेलें व तिन्हीं एकाच अंतरास जुळविलेलीं असावीं लागतात. शिवाय समोरचा मनुष्य कोण व त्याच्या मागें कोण उभें आहे, हें यांपैकीं एकहि साधन सांगत नाहीं. चुकलेली गोळी निरपराध्यास लागते. तिचा जाब साधनास नव्हे, चाप ओढणाऱ्यास द्यावा लागतो. साधनांचा इतिहास लिहिणारानें ही मर्यादाहि त्याच इतिहासांत नोंदली पाहिजे, असें आमचें मत आहे.