तपकिरी कागदाचा धडा

समुद्रांतील किड्यांनीं लांकूड पोखरूं नये म्हणून १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘अलार्म’ या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्यें तिची तपासणी झाली. लांकूड शाबूत होतें. परंतु तांब्यास भिडलेले लोखंडी खिळे पार झिजले होते. जिच्यावर शेंकडों जिवांची भिस्त, त्या नौकेचे खिळेच गेले तर तळ राखून काय उपयोग? मात्र जेथें तपकिरी कागद मध्यें राहिला होता, तेथें लोखंड वांचलें होतें.

कारण पुढें उमगलें. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस भिडले, कीं विजेचा प्रवाह सुरू होतो व अधिक क्रियाशील धातु झिजतो. १८२४ मध्यें सर हंफ्री डेव्ही यांनीं हाच नियम उपयोगी लाविला. जस्त किंवा लोखंड जोडून तांबें वांचविलें. पण मग तांब्याचें विष पाण्यांत उतरेना, आणि तळावर शेवाळ माजलें.

पोलाद व अ‍ॅल्युमिनियम यांच्या सांध्यांतही हाच नियम चालतो. तेथें अ‍ॅल्युमिनियम झिजतें. म्हणून मध्यें वीज न वाहूं देणारी चकती घालतात, पाणी सांचूं देत नाहींत आणि रंग पोलादावरही देतात. एकट्या अ‍ॅल्युमिनियमवर दिल्यास रंगाच्या एका ओरखड्यांतच सारी झीज एकवटते. ‘अलार्म’वरील कागदानें केलें तेंच काम आज ती चकती करते.