तंबाखू सोडल्यावर चेहऱ्यात काय बदलते?

तंबाखू आणि त्वचा या विषयावरचे बहुतेक लेख सिगारेटबद्दल असतात. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि अनेक घरांत आयाबायांची मिश्री. म्हणून चेहऱ्याचा विचार तोंडापासूनच करावा लागतो.

आधी धुराबद्दल थोडक्यात. निकोटीनमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. त्वचा निस्तेज दिसते, जखमा उशिरा भरतात. त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजन लवकर झिजते आणि ओठांभोवती, डोळ्यांच्या कडांना अकाली सुरकुत्या पडतात. सोरायसिसचा धोकाही वाढतो.

खर्रा, मावा, गुटख्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. दातांवरचे तपकिरी-लाल डाग आणि तोंडाची दुर्गंधी सगळ्यांना दिसते. गंभीर गोष्ट आत घडते. सुपारीमुळे गालांच्या आतले अस्तर हळूहळू कडक होते, त्यात तंतू साचतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे याचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. पहिली खूण साधी असते: तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका. ‘माझ्या पुडीत तंबाखू नाही, फक्त सुगंधी सुपारी आहे’ असे म्हणणाऱ्या मित्रालाही हे सांगा, कारण इथे मुख्य दोषी सुपारीच आहे.

सोडल्यावर काय परत मिळते? सिगारेट सोडल्यावर दिवस-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि पुढच्या काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. त्वचेचा रंग उजळत नाही (क्रीमवाले काहीही सांगोत), पण फिकटपणा कमी होतो. दातांचे डाग दंतवैद्याकडे सफाई केल्यावर बऱ्याच प्रमाणात जातात. तंबाखू चालूच असेल तर पुन्हा येतात. तोंडातले पांढरे चट्टे काही वेळा सोडल्यानंतर नाहीसेही होतात, तरी ते एकदा डॉक्टरांना दाखवलेच पाहिजेत.

पडलेल्या सुरकुत्या मात्र पुसल्या जात नाहीत. कडक झालेले गालही पूर्ववत होत नाहीत. उपचाराने आराम मिळतो आणि आजार पुढे सरकण्याचा वेग कमी करता येतो. म्हणून तिशीत सोडण्यापेक्षा विशीत सोडणाऱ्याच्या हाती जास्त उरते आणि कधीच न लावणाऱ्याच्या हाती सगळेच.

सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो. चिडचिड होते, झोप बिघडते. सिगारेट सोडणाऱ्या काहींना सुरुवातीला तोंडही येते. ते तात्पुरते असते. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ टपरीपासून दूर राहा. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.