एका स्फटिकाची पंधरा वर्षं

आमच्या सांगलीच्या काकांना रोज जेवणानंतर एक गोळी घ्यावी लागते. इमॅटिनिब, ४०० मिलीग्रॅम. २०१० मध्ये त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार झाल्याचं कळलं. एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस. महिन्याचं औषध तेव्हा आठ-दहा हजारांच्या घरात जायचं. घरात ओढाताण झाली, पण औषध सुरू राहिलं. याच औषधाच्या मूळ ब्रँडची, ग्लिव्हेकची, महिन्याची किंमत साधारण १ लाख २० हजार रुपये होती.

हा फरक का होता, हे मला खूप उशिरा समजलं. आणि समजलं तेव्हा जरा हसूच आलं, कारण उत्तर माझ्याच विषयात होतं. मी पीएचडीत स्फटिकांवर काम करते. एकच रेणू घन अवस्थेत वेगवेगळ्या रचनांमध्ये बसू शकतो, त्याला आम्ही बहुरूपता म्हणतो. वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट पांढुरकं पडतं आणि तोंडात नीट विरघळत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. कोको बटर तेच असतं, फक्त रेणूंची बसायची पद्धत बदललेली असते. ग्लिव्हेकवरून भारतात जो वाद झाला, तो सगळा अशाच एका ‘बसायच्या पद्धती’वरून.

पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला. बहुतांश पेटंटं परदेशी कंपन्यांच्या हातात आहेत आणि त्यातली बहुतेक इथे वापरलीच जात नाहीत, फक्त बाजार अडवून ठेवतात, असं त्यात दिसलं. त्यातून १९७० चा कायदा आला. औषधाच्या बाबतीत त्याने एक साधी गोष्ट केली: पदार्थावर पेटंट नाही, कृतीवर आहे, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे थालीपीठावर तुमचा हक्क नाही, तुमच्या थालीपीठ करायच्या पद्धतीवर आहे. दुसऱ्याने वेगळ्या पद्धतीने थालीपीठ लावलं तर तुम्ही काही बोलू शकत नाही. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा ‘वेगळ्या पद्धती’ शोधण्यात हात बसवला आणि भारतातला जेनेरिक उद्योग त्यावर उभा राहिला.

जागतिक व्यापार संघटनेत सामील झाल्यावर हे बदलणं भाग होतं. १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरही पेटंट मिळू लागलं. मधल्या काळात, म्हणजे १९९५ पासून आलेले अर्ज नुसते स्वीकारून ठेवायचे आणि २००५ नंतर उघडायचे, अशी सोय होती.

आता इमॅटिनिबची तारीख बघा. या औषधाचं जैवविज्ञान सुंदर आहे. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं जे कधी ‘बंद’च होत नाही, आणि इमॅटिनिब बरोबर त्याच्या खाचेत जाऊन बसतं. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि जीवघेणा आजार अनेकांसाठी रोजच्या गोळीचा आजार झाला. पण मूळ रेणूचा शोध १९९५ च्या आधीचा. अमेरिकेत त्यावर १९९६ मध्ये पेटंट मिळालं, भारतात तो रेणू मुदतीबाहेर राहिला. म्हणून नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईत अर्ज केला तो रेणूवर नाही, तर इमॅटिनिब मेसायलेट या क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकावर.

आणि इथे कलम ३(ड) आडवं आलं. २००५ ची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर होतं. त्यांच्या आग्रहाने या कलमाला धार आली: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, मग तो क्षार असो की स्फटिक, परिणामकारकता वाढवत नसेल तर तो शोध धरायचा नाही. जुन्याच औषधाला नवा अंगरखा घालून मक्तेदारी लांबवायची पद्धत त्यांना रोखायची होती.

चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. विरोध करणाऱ्यांत जेनेरिक कंपन्या होत्या, तशीच मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. कंपनीने कलमालाच आव्हान दिलं, ते मद्रास उच्च न्यायालयात २००७ मध्ये टिकलं नाही. २००९ मध्ये अपील मंडळाने सांगितलं की हे नवीन आहे, कल्पकही आहे, पण ३(ड) मध्ये अडकतं. हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या कसोट्यांवर पास, फक्त या एका कलमावर नापास!

शेवटी १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो मी वाचला. कायद्याचं इंग्रजी डोक्यावरून जातं, पण मधली काही पानं आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये सहज खपतील. कंपनीचं म्हणणं असं की बीटा रूप हाताळायला सोपं, जास्त स्थिर आणि ओलावा कमी शोषणारं आहे. कोर्टाने म्हटलं, असेल, पण याचा आजार बरा होण्याशी काय संबंध? औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. उंदरांमध्ये औषध ३० टक्के जास्त शोषलं जातं, असाही दावा होता. पण ती तुलना होती क्षार न केलेल्या इमॅटिनिबशी. कोर्टाने विचारलेला प्रश्न वेगळा होता: आधीच माहीत असलेल्या मेसायलेटपेक्षा बीटा रूप रुग्णाला जास्त गुण देतं का? त्याचा डेटा समोर नव्हता. कंट्रोल चुकीचा घेतला की गाइड नेमकं हेच विचारतात.

आता माझी अडचण सांगते. स्फटिकाचं रूप म्हणजे किरकोळ बाब, असं मी म्हणू शकत नाही. १९९८ मध्येच एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधात अचानक एक नवं, कमी विरघळणारं रूप तयार होऊ लागलं आणि कंपनीला कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. असं एक स्थिर रूप सापडायला माणसांची वर्षं जातात, त्यातलीच मी एक. शिवाय कंपनी म्हणत होती की भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना आपण ग्लिव्हेक मोफत देतो. पण मोफत देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, आणि काकांसारख्या माणसाला दर महिन्याला कुणाच्या मर्जीची वाट बघायला लावणं मला पटत नाही. माझ्यासारखीच्या मेहनतीचं मोल व्हावं, पण ते वीस वर्षांच्या मक्तेदारीच्या रूपात नको, इथवर मी आले आहे.

गेल्या दिवाळीत काकांकडे एक गोळी मागितली होती. म्हटलं, मशीनमध्ये घालून बघते आत कुठलं रूप आहे. पाकिटावर तर फक्त ‘इमॅटिनिब मेसायलेट’ एवढंच छापलेलं असतं.

“अगं, मोजून आणतो मी,” काका म्हणाले, आणि पाकीट परत कपाटात ठेवून दिलं.