प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारायचा असतो

डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला की आपण विचारतो, सेफ्टीवाले कुठे होते? प्रश्न बरोबर आहे, पण उशिराचा आहे.

१ जून १९७४, इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना. सहापैकी पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला, म्हणून तो काढून चौथा-सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले. त्या पाइपचं धड ड्रॉइंगही नव्हतं, वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आखला. तो फुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ जण गेले.

चौकशी पाइपची झाली. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश इंजिनिअरने त्याच्याही मागचं विचारलं: एवढा ज्वलनशील माल तिथे हवाच कशाला होता? जे साठवलंच नाही, ते गळेल कसं? हे डिझाइन करतानाच ठरतं. नंतर उरतात ते व्हॉल्व्ह, अलार्म आणि ठिगळं.

आता भोपाळ बघा, १९८४. मिथाइल आयसोसायनेट हा कीटकनाशक बनवतानाचा फक्त मधला टप्पा. तरी एका टाकीत सुमारे ४० टन! थंड ठेवणारी यंत्रणा बंद, वायू जाळणारा फ्लेअरही बंद. साठाच नसता, तर हजारोंचे जीव या यंत्रणांवर टांगलेले राहिले नसते.

त्यानंतर १९८७ साली कारखाने कायदा बदलला, धोकादायक कारखान्याची जागा आधीच तपासणाऱ्या समितीची तरतूद आली.

म्हणून मंडळी, नव्या केमिकल प्लांटची जनसुनावणी लागली तर रोजगार किती, एवढंच विचारून परत येऊ नका. साठा किती, आणि तो कमी का होत नाही, हेही विचारा.