कॉक्लियर इम्प्लांट आणि गोंगाट: यंत्राचे काम, आपले काम

कॉक्लियर इम्प्लांट बसवलेले मूल घरी छान बोलते, पण आरतीला किंवा मंडळाच्या सहलीला गप्प बसते. ‘लक्षच देत नाही’ असा आपला समज होतो. कारण बहुधा वेगळेच असते, म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

आवाज कसा पोहोचतो?

कानामागच्या प्रोसेसरमधले मायक्रोफोन आवाज टिपतात. प्रोसेसर त्या आवाजाचे उंच-खालच्या स्वरांनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातला चढउतार मोजतो आणि ती माहिती त्वचेखालच्या भागाकडे पाठवतो. तेथून अंतर्कर्णातील इलेक्ट्रोडमार्फत विजेचे सूक्ष्म स्पंद श्रवणनाडीला मिळतात. ही पद्धत ब्लेक विल्सन यांनी १९९१ साली मांडली. आज वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत इलेक्ट्रोड १२ ते २२ असतात. निरोगी कानात मात्र नाडीला आवाज पोहोचवणाऱ्या केसपेशी सुमारे ३,५०० असतात. म्हणून शांततेत बोलणे कळते, पण अनेक आवाजांतून एक वेगळा काढणे अवघड जाते.

यंत्र गोंगाट कसा कमी करते?

१. दोन मायक्रोफोन: आवाज दोन्हींपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो. त्या फरकावरून पाठीमागचा आवाज दाबला जातो.

२. पट्ट्यांची छाननी: बोलणे सतत कमीजास्त होते, एसीची किंवा गाडीची घरघर एकसारखी राहते. ज्या पट्ट्यात घरघर जास्त, तो प्रोसेसर कमी करतो. ओमानमध्ये वर्षातले बरेच महिने एसी चालू असतो, तेथे याचा चांगला उपयोग होतो.

३. मोठ्या आवाजाला लगाम: ढोल-ताशा सुरू झाला की आवाजाची पातळी आपोआप खाली येते. पण त्याबरोबर जवळचे बोलणेही हळू होते.

यंत्र कुठे अडते?

माणसांचा गलका हासुद्धा बोलण्याचाच आवाज असतो. त्यातला आईचा कोणता आणि शेजारच्या काकूंचा कोणता, हे यंत्र खात्रीने ठरवू शकत नाही. फरशीच्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तोही पूर्ण पुसता येत नाही. अशा वेळी स, श, फ यांसारखे क्षीण आवाज आधी बुडतात. ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरकही हरवतो.

आपण काय करावे?

ओरडू नये, जवळ जावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मुलाच्या समोर, चेहरा दिसेल असे बोलावे. कार्यक्रमात त्याला स्पीकरपासून आणि दारापासून दूर बसवावे. शाळेत बाईंच्या गळ्यात अडकवायचा वायरलेस माइक मिळू शकेल का, ते विचारावे. तोंडाजवळचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये जात असल्याने वर्गातला गोंगाट फारसा आड येत नाही.

गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. त्यासाठी मूल कुठे अडखळते याची नोंद ऑडिओलॉजिस्टकडे न्यावी. मस्कतच्या अल नहधा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते. भारतात परतणाऱ्यांसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ओमान सोडताना मुलाच्या ‘मॅप’ची, म्हणजे प्रोसेसरच्या जुळणीची, ताजी प्रत जरूर मागून घ्यावी.

आणि पुढच्या कार्यक्रमात असे मूल गप्प दिसले, तर आपण सर्वांनी दोन पावले पुढे जाऊन त्याच्याशी बोलूया.