तिसरे उपकरण

१ जानेवारी १९७८. दत्तजयंती होऊन आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी सारंगखेड्यात आम्ही रेडिओवर ऐकले, की मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. विमानातल्या २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. घातपाताची शंका घेतली गेली. पुढे या अपघाताविषयी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कारण वेगळेच निघाले.

एअर इंडियाचे हे पहिले बोइंग ७४७, १९७१ साली आलेले. उड्डाणानंतर ते उजवीकडे किंचित वळून पुन्हा सरळ झाले. कप्तानासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण मात्र उजवीकडेच झुकलेले राहिले. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र. क्षितिज दिसणार कुठून? कप्तानाने त्या उपकरणावर विसंबून विमान डावीकडे झुकवले आणि झुकवतच नेले. कल ९० अंशांच्या पुढे गेला. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत सारे संपले.

राखीव व्यवस्था नव्हती असे नाही. सहवैमानिकापुढे दुसरे उपकरण होते, शिवाय तिसरेही होते. पण सहवैमानिकाला आपलेही उपकरण कलंडलेसे वाटले. बहुधा ते खरा कल दाखवत होते. त्या उपकरणावर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावले, तोवर उशीर झाला होता. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

राखीव साधनांची संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही, हे १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये दिसले. तेथील ७४७ मध्ये सुकाणू हलवणाऱ्या चार स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. शेपटी तुटली आणि चारही एकदम गेल्या. ५२० माणसे दगावली. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० च्या तिन्ही यंत्रणा निकामी झाल्या. तेव्हा प्रवासी म्हणून बसलेला एक वैमानिक कॉकपिटमध्ये मदतीला आला. चौघांनी मिळून केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले.

कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांचे ऐकावे कसे, यावर नासाने १९७९ मध्ये कार्यशाळा घेतली. त्यातून वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण उभे राहिले. वांद्र्यासमोरच्या त्या रात्री योग्य इशारा देणारा माणूस कॉकपिटमध्येच होता. त्याचा इशारा वेळेत पोहोचावा, याची व्यवस्था तेवढी नव्हती.